सरळ गुडघ्याची तिरकी चाल

मित्रांनो, मी एक जुना कोनमापक आहे आणि आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. मला अंशांपलीकडे बोलताच येत नाही.

प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या एका खिळ्याने जोडल्या आणि माझा जन्म झाला. तेव्हापासून मी गुडघे बदललेल्या माणसांच्या व्यायामखोलीत आहे. एक पट्टी मांडीवर धरायची, दुसरी पोटरीवर, आणि गुडघा किती वाकतो ते वाचायचं. नव्वद आले की नातेवाईक मला दुवा देत, सत्तरावर अडलं की म्हणत, "पट्टीच बिघडलीय!" आता कोन मोबाइल सांगतो. मी खिडकीत पडून असतो.

एक गुडघा मात्र अजून माझा पिच्छा सोडत नाही. तो एका निवृत्त टायपिस्टबाईंचा. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मुलाने बजावलं होतं, "चाल सरळ झाल्याशिवाय वर राहायला जायचं नाही." तोवर मुक्काम त्याच्या हॉलमधल्या दिवाणावर. माझ्या हिशेबाने गुडघा एकशेवीस, म्हणजे उत्तम. तरी बाई डावीकडे कलून चालत. डावा हात कुणाच्या तरी कोपराखाली धरल्यासारखा.

"आजी, दुखतंय का?" फिजिओताईंनी विचारलं.

"छे! दुखणं कापून टाकलंत ना तुम्ही."

"मग लंगडता कशाला?"

"मी कुठे लंगडते? हे लंगडायचे. मी नुसता टेकू."

'हे' जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा जमिनीकडे बघू लागला.

खोलीत सरावासाठी लाकडी पायऱ्या होत्या; चढून कुठेही न पोचणाऱ्या. बाई चढू लागल्या. मी ताईंच्या खिशातून ऐकत होतो. पायरी बाईंच्या पायाखाली करकरली. आणि मग, मित्रांनो, कुणाचाच पाय नसताना पुन्हा करकरली.

"चला हो, आलंच," बाई पुटपुटल्या.

ताईंचा आवाज खाली आला. "आजी, त्यांना आता पुढे जाऊ द्या."

"एकटे पडतील हो."

"पण तुम्ही पडाल ना, आजी!"

 मग बाईंनी हळूच डावा हात काढून घेतला आणि एकट्या उतरल्या. चाल अगदी सरळ. ताईंनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं.

मी तेव्हाही एकशेवीसच दाखवत होतो. म्हणून विनवतो, मित्रांनो: मला उन्हात टाकू नका, वाकवू नका, आणि माझ्यावर नको तेवढा विश्वासही ठेवू नका.

बाई आपल्या घरी गेल्या. पुढच्याच महिन्यात त्या इमारतीला लिफ्ट बसली.