सीतादहीचा दिवस

प्रेमलता नर्सबाईंनी तीन वर्षांची वही पुढे ओढली आणि त्यांचं बोट एकाच जागी अडलं. मोहगावजवळच्या या वस्तीतली तान्ही मुलं दरसाल दिवाळीनंतरच हगवणीनं आजारी पडत, पौष सरला की सावरत. सावरली तर. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचायला जाणाऱ्या शोभाची लेक गेली. आता तिच्या मांडीवर चार महिन्यांचा मुलगा होता आणि कापसाची वेचणी आठ दिवसांवर आलेली.

सौंसरच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पावडरची पाकिटं दिली. "पाणी उकळायला सांगा," म्हणाले. पण विहीर तर चैत्रातही तीच असते, तेव्हा मुलं बरी कशी?

"दिवाळीनंतर असं काय होते, केसरबाई?" त्यांनी शोभाच्या सासूला विचारलं.

भाकर थापता थापता केसरबाईनं वेचणीचं गाणंच म्हटलं:

पांढरं शेत फुललं, ओटी माही भरली बाई
दूध गळे मातीवर, तान्हं घरी रडत राही

"आता समजलं? माय वावरात, अन् मी दिवसभर लेकराले सकाळचीच शिळी पेज पाजतो. मधात घरी आली तं वावराचे मालक भैय्याजी दुसऱ्या दिवशी कामाले बोलवत नाही."

आजाराचं मूळ आपण लेकराच्या पोटात शोधत बसलो, नर्सबाईंच्या मनात आलं. ते तर वावरात होतं.

वेचणीच्या पहिल्या दिवशी भैय्याजींची बायको सुशीलाबाई दहीभात घेऊन वावरात आली. सीतादहीची रीतच तशी: आधी कपाशीला भरवायचं, मग वेचायला हात लावायचा. नर्सबाईंच्या सांगण्यावरून शोभा लेकराला कडेवर घेऊन त्यांच्यासोबत आली होती.

भैय्याजी उखडले. "काम करून राहिले का जत्रा भरवून राहिले?"

शोभा मागं सरली. नर्सबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "भैय्याजी, कपाशीले तुम्ही उपाशी ठेवत नाही. हे लेकरू संध्याकाळलोक मायच्या दुधावाचून उपाशी राहीन. इची पोरगी अशीच गेली. माह्या पेटीत याचं औषध नाही. तुमच्यापाशी आहे."

"मंग सगळ्याच आनतीन!"

"आनू द्या," दहीभाताचं भांडं खाली ठेवत सुशीलाबाई म्हणाली. "माह्ये तिन्ही लेकरं मांडीवर पेले. इच्या लेकरानं काय पाप केलं? बांधा गं झोळी कडुलिंबाले. अन् तुम्ही, तिकडे तोंड करा!"

बाया खळखळून हसल्या. भैय्याजींनी खरंच तिकडे तोंड केलं.

दुपारी शोभा अर्धी ओळ सोडून झाडाकडे निघाली. कुणी हाक मारली नाही.

"आधी हात धू!" नर्सबाई मात्र ओरडल्या.

बाळ पिऊ लागलं. त्याच्या ओठाला कापसाचा एक तंतू चिकटला. शोभानं तो हलक्या फुंकरीनं उडवला.