वाढीव दोन पानं

बावीस पानांचं पुस्तक छापता येत नाही, हे नंदाला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी डोंबिवलीतल्या एका छापखान्यात कळलं. छापखाना चालवणाऱ्या अद्वयने तिला समजावलं, की मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. "बावीस नाही चालणार काकी. एकतर वीस करा, नाहीतर चोवीस."

वीस करणं तिच्या जिवावर आलं. एकेका चित्राला तिने पंधरा-पंधरा दिवस घातले होते. कोपरी गावात कुणाचंही लग्न निघालं, की दारातली रांगोळी नंदाचीच, पण रांगोळीचा हात जलरंगाला उपयोगी पडत नाही. साधा कागद ओला झाला की पापडासारखा वर येतो, हे कळेपर्यंतच चार महिने गेले. तिचा नवरा गुरुदत्त म्हणायचा, तुझं पुस्तक होईपर्यंत पोरगी कॉलेजात जाईल.

पोरगी म्हणजे समृद्धी, नंदाच्या धाकट्या दिराची, सुदेशची मुलगी. नंदाला स्वतःचं मूल झालं नाही. तिची जाऊ करिश्मा ऐरोलीला नोकरी करायची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सहा महिन्यांची समृद्धी नंदाच्या मांडीवर आली आणि चार वर्षांची होईस्तोवर तिथून हलली नाही. बोलायला लागली तशी तिला 'मोठी' म्हणायला लागली. पोरगी गोड, पण जेवायला महाबिलंदर. दात असे आवळून धरायची, की चमचासुद्धा आत शिरायचा नाही.

त्यावर नंदाने चिंबोरीची गोष्ट काढली. नंदाचा बाप जन्मभर मिठागरात राबलेला, त्यामुळे बांधावरच्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, तिच्या ओळखीचे. चिंबोरी मोठी होते, तिला जुनं कवच घट्ट होतं, मग ती ते टाकून देते आणि नवं कवच टणक होईपर्यंत बिळात लपून बसते. घास म्हणजे चिंबोरी आणि समृद्धीचं तोंड म्हणजे बीळ. "चिंबोरी चालली, चालली, चालली, आणि बिळात गुडुप." गुडुप म्हणताना नंदा तिच्या डाव्या कानाची पाळी हळूच ओढायची. पोरगी खुदकन हसायची, तोंड उघडायचं आणि वरणभात आत जायचा. दिवसातून तीन वेळा, साडेतीन वर्षं हा खेळ चालला.

मग शाळेत नाव घालायची वेळ आली. मुलाखतीला करिश्मा समृद्धीला घेऊन पुढे बसली, नंदा पाण्याची बाटली धरून मागच्या खुर्चीवर. बाईंनी लाडाने विचारलं, "मम्मीचं नाव काय तुझ्या?" समृद्धी ठणठणीत आवाजात म्हणाली, "नंदा." बाई हसल्या. वळून बघणाऱ्या करिश्माचा चेहरा मात्र असा उतरला, की नंदाला मागे बसून खाली बघावं लागलं.

महिन्याभरात करिश्मा, सुदेश आणि समृद्धी शीळफाट्याच्या एका टॉवरमध्ये राहायला गेली. आधी दर रविवारी येत, मग सुदेश म्हणाला, "वहिनी, जरा तिला करिश्माची सवय होऊ दे," आणि येणं सणांवर आलं. त्यात करिश्माचं तरी काय चुकलं? दिवसभर खपायचं आणि पोटच्या पोरीच्या तोंडून जावेचं नाव ऐकायचं. नंदाला तिचा राग येईना, हीच पंचाईत होती. रागावता आलं असतं, तर रडणं जरा सोपं गेलं असतं.

पुढच्या गणपतीला समृद्धी आली तेव्हा ताटावर नंदाने घास उचलला आणि म्हणाली, "चिंबोरी चालली..." समृद्धीने मोबाइलमधून मान वर केली. "कोण चिंबोरी?"

दुसऱ्या दिवशी नंदाने स्टेशनजवळून रंगांची पेटी आणली. पोरगी आपल्याला विसरणार, याची तिला इतकी भीती बसली होती, की पुस्तक हा एकच उपाय सुचला. आपण नसलो तरी गोष्ट तिच्या उशाशी राहील आणि गोष्टीबरोबर आपण राहू.

आता त्या पुस्तकाला दोन पानं कमी पडत होती. अद्वय म्हणाला, "सुरुवातीला एक आणि शेवटी एक चित्र टाका ना. गोष्ट कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, ते दाखवा."

नंदाने ती दोन चित्रं चार दिवसांत काढली. त्यांत ती स्वतः, अंगात गाऊन, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत टिकली, मांडीवर पोर आणि समोर वरणभाताची ताटली. सगळ्या पुस्तकात तीच दोन उत्तम उतरली होती. गुरुदत्तने ती बराच वेळ बघितली.

"नंदे, आसा चित्र बघून करिश्मा पुस्तक घरान ठेवल का?"

नंदाने चित्रं त्याच्या हातातून ओढून घेतली. पण त्याचं खरं होतं. जे पुस्तक शीळफाट्याच्या कपाटात वर टाकलं जाईल, ते काय कामाचं? तिने दोन्हींसाठी नवे कागद घेतले. मांडी तीच ठेवली, पोर तीच, ताटली तीच. वर करिश्माचे आखूड केस काढले, तिचा चष्मा काढला, मनगटावर बारीक घड्याळ आणि गळ्यात ऑफिसचं कार्ड. कार्डाची निळी दोरी रंगवताना तिचे डोळे वाहत होते, म्हणून ती दोरी एका जागी जरा फिसकटली.

"काकी, आधीचं जास्त छान होतं," अद्वय म्हणाला.

"असू दे. हेच छाप."

मुखपृष्ठावर तर आपलंच नाव आहे, अशी तिने मनाची समजूत घातली. लेखन आपलं, चित्रं आपली, प्रकाशक म्हणूनही आपणच. समृद्धी वाचायला शिकली की तिला कळेलच. लहान मुलं पुस्तकावरचं लेखकाचं नाव कधी वाचत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शंभर प्रती आल्या. पहिली गावदेवीपुढे ठेवली, दुसरी सुदेशबरोबर शीळफाट्याला पाठवली. पंधरा दिवसांनी समृद्धीच्या सहाव्या वाढदिवसाला नंदा शीळफाट्याला गेली. दार करिश्मानेच उघडलं आणि नंदाचे दोन्ही हात धरले. "ताई, रोज वाचायला लावते ओ मला. जेवताना तेच लागतं." पहिल्या पानावर स्वतःला बघून तिला काय वाटलं असेल, ते त्या हातांत नंदाला कळलं. केवढ्या दिवसांनी या घरात आपल्याला जागा झाली, असं वाटून नंदा सुखावली.

समृद्धीने तिला ओढत आतल्या खोलीत नेलं. पुस्तकाचे कोपरे दुमडले होते, सातव्या पानावर वरणाचा डाग होता. डाग बघून नंदाला इतका आनंद झाला, की तिने त्यावर बोट ठेवलं.

"मोठी, तुला गोष्ट सांगू? मी बाळ होते ना, तेव्हा मम्मी मला भरवताना ही गोष्ट सांगायची." समृद्धीने पहिलं पान उघडलं. "ही बघ मम्मी. ही मी."

केकची बशी घेऊन आलेली करिश्मा दारातच थांबली. "समू, अगं ती गोष्ट मी नाही..." ती म्हणाली आणि अडखळली.

तोच चेहरा, शाळेतल्या खुर्चीवर उतरलेला. नंदाने तिच्याकडे बघून नको अशी मान हलवली. एकदा झालं तेवढं पुरे होतं.

"सांग की," ती समृद्धीला म्हणाली. "मना नाय माहीत ही गोष्ट."

समृद्धीने दारात जाऊन बशीतला केकचा तुकडा उचलून आणला. दुसऱ्या हाताची बोटं नंदाच्या मनगटावरून, बांगड्यांवरून वर चढायला लागली. "चिंबोरी चालली, चालली, चालली, आणि बिळात गुडुप." आणि तिने नंदाच्या डाव्या कानाची पाळी हळूच ओढली.

पुस्तकात कान ओढणं कुठेच नव्हतं. नंदाने ते लिहिलं नव्हतं, काढलंही नव्हतं. दारातल्या करिश्माने तर ते कधी केलंही नव्हतं.

"मम्मी अस्संच करायची," समृद्धी म्हणाली. "आता तोंड उघड ना मोठी. गुडुप झालं की तोंड उघडायचं असतं."

नंदाने तोंड उघडलं.