धुराच्या वाटेत

“काका, ह्या गाडीला टर्बो बसेल का?”

विचारून झाल्यावर हसायचं नाही, ही पैजेची पहिली अट होती. उत्तर मिळेपर्यंत गॅरेजमधून हलायचं नाही, ही दुसरी. अटी घालणाऱ्या दोघी मैत्रिणी, लांबी आणि ढापणी, समोरच्या भिंतीआड दप्तरं छातीशी धरून उभ्या होत्या आणि त्यांचं खिदळणं रस्ता ओलांडून इथपर्यंत ऐकू येत होतं.

ज्यांना विचारलं ते मेकॅनिक पाटावर बसून चेन पुसत होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते गाडीचं दुखणं ओळखायचे, म्हणून सगळा रस्ता त्यांना डॉक्टर म्हणायचा. त्यांनी आधी शाळेच्या गणवेशाकडे पाहिलं, मग त्या गणवेशातल्या मुलीने घामाघूम होत ढकलत आणलेल्या मोटारसायकलकडे. टाकीचा रंग उडालेला, पण गाडी धुऊनपुसून लख्ख.

“बसेल की,” ते म्हणाले. “का नाही बसणार?”

भिंतीआडचं खिदळणं बंद झालं.

भिंगरीचीही पंचाईत झाली. ती ‘नाही’ची तयारी करून आली होती; ‘हो’च्या पुढे काय बोलायचं हे तिघींपैकी कुणीच ठरवलं नव्हतं. पण गेल्या वर्षापर्यंत हजेरीसुद्धा पुटपुटत देणाऱ्या ह्या मुलीला यंदा असा काही कंठ फुटला होता, की आता ती अडत नसे.

“मग बसवा. उद्याच्या आत.”

“उद्या काय, लग्न आहे गाडीचं?”

“उद्या तिला बघायला येणार आहेत.” मग हसू आवरत नाही म्हणून तिने मान खाली घातली आणि वर केली तेव्हा हसू नव्हतं. “बाबा विकतायत. दम राहिला नाही म्हणतात तिच्यात. शाळेसमोरचा चढ दोघांना घेऊन चढत नाही. आणि ती मला मिळणार होती. मी टाकीवर बसायचे ना, तेव्हापासून ठरलंय.”

डॉक्टरांनी चेन खाली ठेवली. खिशातून खडू काढून फरशीवर एक वेडावाकडा डबा काढला, त्याला दोन नळ्या.

“हे इंजिन. इकडून हवा आत, तिकडून धूर बाहेर. आता एका दांड्यावर दोन भिंगऱ्या बसव. एक धुराच्या वाटेत, एक हवेच्या. धूर जाता जाता पहिलीला फिरवतो, ती दुसरीला फिरवते, आणि दुसरी हवा कोंबून कोंबून इंजिनात भरते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा तुझा टर्बो.”

“दोन भिंगऱ्या!” भिंतीआडून लांबी किंचाळली. “एकीनेच आमचं डोकं उठलंय!”

“तुम्ही पण या आत,” डॉक्टर म्हणाले. “उन्हात फुकट कशाला वाळताय?”

दोघी आल्या, पण भिंगरीचं लक्ष खडूच्या रेघांवर होतं. ती उकिडवी बसली. म्हणजे फेकून दिलेला धूरच कामाला लावायचा? पिस्टनला सोसेल का? धूर कमी पडला तर? डॉक्टर एकेक सांगत गेले. ह्या इंजिनाला एकच सिलिंडर, त्यामुळे धूर सलग येत नाही, धापा टाकत येतो. धुरातली भिंगरी फिरते, अडखळते. हवा आणखी कोंबायची तर इंजिन आतून बदलावं लागतं, नाहीतर पिस्टनला भोक. भिंगऱ्यांना तेलाची वेगळी नळी हवी. महिनाभराचं काम, तेही जमलं तर.

“दम धर जरा,” ते शेवटी म्हणाले. “आजाऱ्याला तालमीत घालायच्या आधी त्याची नाडी बघतात. मार किक.”

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. मग झडपेपाशी, मग खाली.

“इंजिन ठणठणीत आहे,” ते म्हणाले. मग दम का नाही, हे त्यांनाही कळेना. त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं.

भिंगरी तोवर मागे सायलेन्सरपाशी पोचली होती. धापा म्हणजे कशा, हे तिला बघायचं होतं. तिने वहीचं पान फाडून धुराच्या तोंडासमोर धरलं. पान जरासं थरथरलं, वाचता वाचता डुलकी लागलेल्या माणसाच्या हातातल्या पेपरासारखं. शेजारी दुरुस्त होऊन उभी असलेली, तेवढ्याच इंजिनाची दुसरी गाडी होती. तिने विचारलं, “ही चालू करू?” आणि उत्तराची वाट न बघता करून टाकली. पान फडफड करत तिच्या बोटांतून निसटलं आणि ढापणीच्या चष्म्यावर जाऊन चिकटलं.

“काका,” ती म्हणाली. “मग आमच्या गाडीचा धूर जातो कुठे?”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. असं मघापासून एकदाही पाहिलं नव्हतं.

गाडी निवेपर्यंत तिघींना थांबवून घेतलं. मग सायलेन्सर सुटला. आत बॅटरी मारली तर हातभर आत काळीकुट्ट भिंत. डॉक्टरांनी ठोकलं, फिरवलं, तेल सोडलं, शिव्या गिळल्या. शेवटी खण्ण करून एक चकती फरशीवर पडली आणि तिच्यामागून काजळीने थिजलेला तारेचा गोळा.

“हे कंपनीचं नाही,” चकती पुसत डॉक्टर म्हणाले. सात भोकं, सगळी सारख्या अंतरावर. कडेला केसासारख्या बारीक गोल रेघा. “कुणीतरी लेथवर कातून प्रेमाने केलंय. पहिल्यांदा एवढं अडत नसणार. वर्षागणिक काजळी धरत गेली आणि भोकं बुजली. पण धुराच्या वाटेत कुणी मुद्दाम हे कशाला घालेल?”

लेथवर काम करणारा एकच माणूस भिंगरीला ठाऊक होता. तिने हात पुढे केला आणि चकती मागून घेतली.

सायलेन्सर चढवून पुन्हा किक मारली तेव्हा समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. डॉक्टर तिला मागे बसवून शाळेसमोरच्या चढावर घेऊन गेले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धडधडत वर चढली, आणि मागून पळत येणाऱ्या लांबी-ढापणीलाच दम लागला.

लेथवरची पहिली पाळी संपवून दुपारीच परतलेले बाबा घरी बसले होते. डॉक्टर गाडी आणि भिंगरी दोघींना दाराबाहेर सोडून गेले. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून बाबा दारात आले; त्यांनी गाडीकडे बघितलं, मग परक्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे.

“हवा भरायला गेली होतीस ना?”

भिंगरीने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर दोन्ही वस्तू ठेवल्या. आई हात पुसत बाहेर आली. वाकून तिने तो काळा गोळा निरखला, नखाने खरवडला.

“अगं बाई! ही माझी घासणी! नवीकोरी होती. सगळं घर पालथं घातलं होतं मी, आणि तुम्ही मला म्हणालात उंदराने नेली असेल.”

बाबांनी चकती उचलली होती. अंगठा आणि तर्जनीत धरून ते ती हळूहळू फिरवत होते, मापात बसते का बघावं तशी.

“ही निघाली कशी?” ते म्हणाले. “चांगली घट्ट बसवली होती.”

“पण कशाला?” भिंगरीने विचारलं.

उत्तर आईने दिलं. “खिडकीखालीच लावायचे ना गाडी. पहाटे ह्यांची किक बसली की तू दचकून उठायचीस, आणि मग जे भोकाड पसरायचीस! महिन्याची होतीस. हे कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत न्यायचे, तरी तुला कळायचं. मग एक दिवस आवाजच कमी झाला. मला वाटलं, तुला सवय झाली.”

“दोन महिन्यांसाठी बसवली होती,” बाबा म्हणाले. “काढायची राहिली.”

“सोळा वर्षं?”

बाबांनी चकती पुन्हा कागदावर ठेवली, बरोबर घासणीच्या शेजारी, आणि कडेची काजळी फुंकरीने उडवली. “आणि मी म्हणतोय, गाडी म्हातारी झाली,” ते स्वतःशीच म्हणाले.

बाहेर गाडी निवत होती. गरम लोखंडाचा टक् टक् आवाज खिडकीतून येत होता.

“माझं ठरलंय,” भिंगरी म्हणाली. आवाज पहिल्यांदा बारीक निघाला म्हणून तिने घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. “उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवा. टर्बोही राहू दे. आणि उद्यापासून पहाटे गाडीला किक मी मारणार.”

“तू?” आई म्हणाली. “तुला आठ वाजता हलवून हलवून उठवावं लागतं.”

“मी नाहीच उठले, तर गाडी ढकलत कोपऱ्यावर न्यायची नाही, बाबा. खिडकीखालीच मारा किक.”