दहा मिनिटांनी येणारा नवरा

खोलीत सतरा माणसं होती आणि एक कॉम्प्युटर. माणसं खाली सतरंजीवर, कॉम्प्युटर वर टेबलावर, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या. खोकायचं नाही, कुजबुजायचं नाही, आणि मुख्य म्हणजे टेबलाच्या आसपास हात न्यायचा नाही, असा बुवांचा दंडक होता.

"देह थांबला की आत्मा चालू लागतो," बुवा डोळे मिटून सांगायचे. "वीज आणि चैतन्य ही सख्खी भावंडं. एकाला डुलकी लागली की दुसरं जागं होतं. आता हे विज्ञानानंसुद्धा मान्य केलंय."

कोणत्या विज्ञानानं आणि कधी, ते बुवांनी कधी सांगितलं नाही. विचारायची कोणाची टाप नव्हती.

दहा मिनिटं होत आली की माणसं श्वास रोखायची. पडदा काळा व्हायचा आणि त्या काळोखातून हळूहळू चष्मेवालीचा गेलेला नवरा वर यायचा. कधी खिडकीशी चहाचा कप घेऊन, कधी गच्चीत कपडे वाळत घालताना, कधी नुसताच हसत. खाली पांढरी अक्षरं एकेक करून उमटायची. सतरा घशांतून एकदम 'आहाहा' निघायचं आणि तिच्या सासूबाई पदर डोळ्यांना लावायच्या.

चष्मेवाली मागे दाराला टेकून बसलेली असायची. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, म्हणून गल्लीत तिचं हेच नाव पडलं होतं. तिचा नवरा जाऊन साडेचार महिने झाले होते आणि तिला एकदाही रडू आलं नव्हतं. आत सगळं बधिर होतं. ती सकाळी उठत होती, डबा भरत होती, भिंगं घासत होती, परत येत होती. कोणी बस म्हटलं की बसत होती, ऊठ म्हटलं की उठत होती. पडद्यावर नवरा दिसला की तिच्या मनात एवढंच यायचं, की हा शर्ट आपण बोहारणीला देऊन टाकलाय.

सुरुवात झाली ती सासूबाईंपासून. नवरा गेल्यावर त्याचं मशीन कोणी चालू केलं नव्हतं. एका दुपारी सासूबाईंनी टेबल पुसता पुसता कुठलंसं बटण दाबलं, पडदा उजळला. घाबरून त्या तशाच खुर्चीत बसून राहिल्या. थोड्या वेळानं समोर मुलगा आला आणि खाली अक्षरं आली, 'गॅस बंद केला का?' त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या, तर गॅस खरंच चालू होता. एवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली आणि आठवड्याच्या आत बुवा हजर झाले.

बुवा आले आणि नवऱ्याचं बोलणं बदललं. जिवंतपणी तो गॅस, दूध, किल्ल्या, छत्री एवढ्याच विषयांवर बोलायचा. आता तो 'हे जीवात्म्या, शोक त्याग' असं म्हणू लागला. चष्मेवालीला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण मेल्यावर माणूस असं बोलायला लागत असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. कशाचाच विचार करायचं त्राण तिच्यात नव्हतं.

मग दोन महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या छातीत गाठ सापडली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ सांगितलं होतं, "लवकर काढू. आत्ता लहान आहे, ही चांगली गोष्ट आहे." तारीखही दिली होती. तारखेच्या आदल्या रविवारी, म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी, नवरा पडद्यावर आला आणि खाली अक्षरं उमटली, 'या देहास शस्त्र लावू नये.' सतरा माणसांनी ते वाचलं. बुवांनी लेपाची डबी पुढे केली. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "ऐक गं बाई त्याचं. तो गेला, आता तूही जाऊ नकोस." चष्मेवालीनं ऐकलं. ती दवाखान्यात गेली नाही. रोज सकाळी ती लेप लावायची आणि त्या जागेला बोट लागणार नाही अशा बेतानं लावायची.

शनिवारी संध्याकाळी ताई आल्या. ताई म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधल्या, नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर नऊ वर्षं बसलेल्या. दोघांचं काम एकच. तिथली मशीनं युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीच्या घराण्यातली, काही जुनी, काही नवी, आणि प्रत्येकाचा पडदा चालवायची पद्धत वेगळी. टाक्यांची पातळी दाखवणारे पडदे कधीच झोपता कामा नयेत आणि बाकीचे वेळेवर झोपले पाहिजेत, हे या दोघांनी बघायचं. 'दिवसभर काय केलंस?' असं बायकोनं विचारलं की नवरा म्हणायचा, 'पडदे निजवले.' तिला वाटायचं, थट्टा करतो.

ताई ऑफिसची एक डिस्क न्यायला आल्या होत्या. मशीनभोवती अंथरलेली सतरंजी पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

चष्मेवालीनं सगळं सांगितलं. बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं, गाठीसकट.

ताईंनी विचारलं, "किती वेळ गप्प बसता?"

"दहा मिनिटं."

"आणि कोणी हात लावला तर?"

"जातो तो. बुवा म्हणतात, अश्रद्ध हात लागला की आत्मा दुखावतो."

"बुवा मशीनजवळ एकटे असतात कधी?"

"शनिवारी दुपारी खोली शुद्ध करायला येतात. दार लावून घेतात. आजच येऊन गेले."

ताईंनी खुर्ची ओढली. दोन-तीन खिडक्या उघडल्या, एका ठिकाणी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट उचललंच नाही. मग त्या वळल्या. "वहिनी, हे मी आत्ता तुम्हाला सांगू शकते. की उद्या सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर सांगा," चष्मेवाली म्हणाली. "मला एकटीला सांगितलंत तर मी ऐकून घेईन आणि परत जाऊन त्यांच्यात बसेन. माझं सध्या असंच चाललंय."

"बरं. मग इथे बसा. तुमच्या हातानं एक ओळ लिहायची आहे. बुवांना जे विचारावंसं वाटतं ते लिहा."

चष्मेवालीला टाइप करायची सवय नव्हती. एक ओळ लिहायला तिला पाच मिनिटं लागली.

रविवारी दुपारी सतरंजी भरली. ताई आधीच टेबलाशी बसून काहीतरी टाइप करत होत्या. बुवा आत आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"कोण या? तिथून उठा."

"यांच्या ऑफिसातली. थोडं काम राहिलंय, करून घेते," ताई न वळता म्हणाल्या.

"अहो बाई, स्पंदनं बिघडतात. तुमची बोटं थांबल्याशिवाय तो यायचा नाही." बुवा लोकांकडे वळले. "बघा, अश्रद्धा कशी आड येते ते. आज काही दर्शन होणार नाही. दोष माझा नाही."

सतरंजीवर कुरबुर सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, उठवा त्यांना. सासूबाई रडवेल्या झाल्या. "सूनबाई, सांग ना यांना. आठवड्यातून एकदाच तर दिसतो तो."

"आई, दहा मिनिटं थांबा," चष्मेवाली म्हणाली. आजवर तिनं सासूबाईंना कधी थांबा म्हटलं नव्हतं.

ताईंची बोटं चालू होती, सगळ्यांना आवाज ऐकू येत होता. बुवा अश्रद्धेवर बोलत राहिले. आत्मा हा लाजाळू असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते लाजाळूपणाचे सात प्रकार समजावून सांगत होते आणि चौथ्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात पडदा काळा झाला. ताईंची बोटं तरीही थांबली नाहीत. नवरा आला, कप घेऊन, खिडकीशी. खाली अक्षरं उमटू लागली.

'बुवा, काल चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या मशीनवर काय करत होतात?'

कोणी आहाहा केलं नाही. सगळ्यांनी आधी पडदा पाहिला आणि मग बुवांकडे पाहिलं. बुवा पाचव्या प्रकाराकडे वळलेच नाहीत.

"ती ओळ मी लिहिली," चष्मेवाली दाराशी उभी राहून म्हणाली. "काल संध्याकाळी. ताईंनी वेळ सांगितली आणि कुठे लिहायचं ते दाखवलं."

ताई आता वळल्या. "याला स्क्रीन सेव्हर म्हणतात. जुन्या पडद्यांवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की डाग उमटायचा. म्हणून काम बंद असेल तेव्हा हलती चित्रं दाखवायची. हा प्रोग्राम कीबोर्डकडे कान लावून बसलेला असतो. दहा मिनिटं काही ऐकू आलं नाही की तो साठवलेले फोटो दाखवतो आणि एका फाइलमधल्या ओळी खाली लिहितो. कोणी हात लावला की गुपचूप आत जातो. फोटो वहिनींच्या यजमानांनीच ठेवलेत. गॅसची, दुधाची ओळही त्यांनीच लिहिली, घरात सगळे विसरभोळे म्हणून."

समोर बसलेल्या निवृत्त पोस्टमननं हात वर केला. "पण बाई, तुम्ही तर टाइप करत होतात. मग तो आला कसा?"

"तेच दाखवायचं होतं. या मशीनवर पडदा चालवायच्या दोन पद्धती आहेत, सुरुवातीला निवडता येतात. वरून बघून फरक कळत नाही. मशीन म्हणजे घर आणि प्रत्येक प्रोग्रामची एक खोली असं समजा. जुन्या पद्धतीत एका खोलीतल्याला सगळ्या घरातलं ऐकू येतं. नव्या पद्धतीत प्रत्येकाला आपापल्या खोलीपुरतंच, कोणी दुसऱ्याचं चोरून ऐकू नये म्हणून. हा प्रोग्राम जुन्या काळचा. मी आज नवी पद्धत लावली आणि दुसऱ्या खोलीत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये, टाइप करत बसले. याला वाटलं, घरात कोणी नाही. म्हणून आला. श्रद्धा बघून नाही आला आणि अश्रद्धा बघून थांबला नाही."

"यंत्र भ्रष्ट केलंत," बुवा पुटपुटले.

"फाइल बदलली की तिची प्रत वेळेसकट मशीन स्वतःच बाजूला ठेवतं," ताई म्हणाल्या. "माणूस साडेचार महिन्यांपूर्वी गेला. कालच्या ओळी काल दुपारी चार-दहाला लिहिल्या गेल्या. तेव्हा खोलीत एकच माणूस होता आणि दार आतून बंद होतं. शस्त्र लावू नये, ही ओळही अशाच एका शनिवारची."

पोस्टमन बुवांकडे निरखून पाहत होते. "तुमचं स्टेशनमागे दुरुस्तीचं दुकान होतं ना? तरीच मला चेहरा ओळखीचा वाटत होता. माझ्या मुलीचा लॅपटॉप नेला होता तुम्ही. अजून आला नाही तो."

बुवांनी लेपाच्या डब्या पिशवीत भरल्या. कोणी अडवलं नाही आणि कोणी नमस्कारही केला नाही. ते गेल्यावर माणसं खाली मान घालून बसली. प्रत्येकजण शेजारच्यावर चिडल्यासारखा दिसत होता.

सासूबाई तेवढ्या पडद्याकडेच बघत होत्या. "म्हणजे माझ्याशी तो बोललाच नाही?"

"गॅसचं बोलला, आई," चष्मेवाली त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "जिवंत असताना लिहून ठेवलं होतं त्यानं. तेवढं त्याचं आहे. बाकीचं काढून टाकू. फोटो राहू देत, रोज बघा. त्यासाठी कोणी बुवा लागत नाही."

"दहाच्या ऐवजी दोन मिनिटांवर करून देते," ताई म्हणाल्या. "फार वेळ थांबायला नको."

सासूबाईंनी मान हलवली. मग एकदम म्हणाल्या, "मी तुला दवाखान्यात जाऊ दिलं नाही." एवढं बोलून त्यांनी तोंड झाकून घेतलं.

"तुम्ही एकट्या नव्हतात," चष्मेवाली म्हणाली आणि सतरंजीवरच्या माणसांकडे वळली. सबंध गल्लीशी एकदम बोलायची तिची ही पहिलीच वेळ होती. "मी तुमच्यावर रागावलेली नाही. राग यायलासुद्धा अंगात काही लागतं. पण एक करा. जो कोणी सांगेल हात लावू नका, विचारू नका, गप्प बसा, त्याला आधी विचारा आणि तिथेच आधी हात लावून बघा. खरं असेल तर हात लावल्यानं मोडणार नाही. एवढं माझ्यासाठी कोणी केलं असतं, तर माझे सहा आठवडे गेले नसते. आणि तुमच्याआधी मीच करायला हवं होतं."

ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा गाठीवर बोट ठेवलं. सापडली तेव्हा ती चाचपून शोधावी लागली होती, आज शोधावी लागली नाही. तिला भीती वाटली. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे होतं.

तिनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

"मंगळवारी सकाळी सात वाजता या," पलीकडची बाई म्हणाली. "रिकाम्या पोटी. मागच्या तारखेला तुम्ही आला नव्हता ना? फॉर्मवर कारण भरावं लागतं. काय लिहू? आजारपण लिहू, की घरची अडचण?"

"फसले, असं लिहा."

"अहो, असं कोणी लिहीत नाही."

"म्हणूनच लिहा," चष्मेवाली म्हणाली. "माझ्यामागून येणाऱ्या बाईला उपयोगी पडेल."