तेल भरपूर आहे

दाजींची पिकअप दिसायच्या आधीच मेस्त्रीला ऐकू आली. त्याने हातातला चहा टायरवर ठेवला आणि मान तिरकी केली. चार सिलिंडरांपैकी एकाचं बाकीच्या तिघांशी पटत नव्हतं. टक, टक, मधेच एक ठोका गळायचा, मग पुन्हा टक. गाडी फाटकातून आत आली तेव्हा तिच्यामागून पांढरट धूर येत होता आणि तो डोळ्यांना झोंबत होता.

"काय मेव्हण्या, बघतोस काय नुसता?" दाजी खाली उतरत म्हणाले. "पाहुणा आलाय, खुर्ची दे."

"पाहुणा राहू दे, गाडी खोकतेय तुमची."

"खोकणारच. तुझ्या हातचं औषध घेतेय ना इतकी वर्षं."

दाजी म्हणजे मेस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिकअप चालवण्यात त्यांची हयात गेली होती आणि मेव्हण्याला टोमणे मारण्यातही. गाडीवर त्यांचा जीव. मुलीला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली होती, तिने तिथे खोली घेतली होती आणि ती सध्या जमिनीवर झोपत होती. तिचं कपाट, पलंग आणि शिलाई मशीन नेऊन पोचवायचं होतं. ताई रोज विचारत होती, कधी नेताय, आणि दाजी रोज सांगत होते, गाडी जरा बरी होऊ दे.

मेस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ कानाला लावली. पहिला, दुसरा बरा होता. तिसऱ्याशी तो थांबला. मग त्याने चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून त्या जागी चार छोट्या बाटल्या लटकवल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांच्या तळाशी जेमतेम डिझेल साचलं. तिसरी बाटली बघता बघता भरली.

"इंजेक्टर गेलाय. तिसरा. बदलावा लागेल."

"गेला म्हणजे?"

"गाळणी फाटली की चहा कसा पडतो? फवारा उडायच्या ऐवजी धार लागलीय."

दाजींनी मान हलवली, पण बॉनेटखाली वाकून बघितलं नाही. त्या दोघांत एक वाटणी होती. नट-बोल्ट, नळ्या, वायरी मेस्त्रीच्या. इंजिनाचं तेल दाजींचं. फार पूर्वी मेस्त्रीने न विचारता दुसऱ्याच जातीचं तेल भरलं होतं, त्यावरून दाजींनी सगळ्या गॅरेजसमोर त्याची बिनपाण्याने केली होती. तेव्हापासून दाजी तेल स्वतः आणत, स्वतः ओतत, तेलाची पट्टी स्वतः काढून बघत आणि ती पुसायचं फडकंही वेगळं ठेवत. मेस्त्रीने त्या पट्टीला पुन्हा बोट लावलं नव्हतं. सुरुवातीला रागाने, नंतर सवयीने. ताई म्हणायची, एका इंजिनाच्या दोन सवती आहेत तुम्ही.

काम चिवट निघालं. काजळीने इंजेक्टर आपल्या जागी असा बसला होता की जणू तो तिथेच ओतला गेला असावा. मेस्त्रीने कडेने गंज सोडवायचं तेल सोडलं, ते मुरेपर्यंत चहाला जाऊन आला, उपसून काढायचा पुलर लावून ठोके मारले, पुन्हा तेल सोडलं. दाजी खुर्चीत बसून फोनवर कुणाकुणाला सांगत होते की मेव्हणा गाडीचा दात उपटतोय. शेवटी इंजेक्टर बाहेर आला. खालची तांब्याची चकती आतच राहिली होती, तीही त्याने आकड्याने ओढून काढली, भोक ब्रशने घासून स्वच्छ केलं, नवी चकती, नवा इंजेक्टर, आणि किती जोर पडतोय ते पान्याच्या काट्यावर बघून बोल्ट आवळला. मग गाडीच्या संगणकात नव्या इंजेक्टरचा क्रमांक भरला.

जुना इंजेक्टर फडक्यात गुंडाळताना त्याने त्याचं टोक बघितलं. टोक ओलं होतं. काढून इतका वेळ झाला तरी ओलं.

आतल्या आत गळत असणार. बरेच दिवस. जे डिझेल जळलं नाही ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलं असणार, आणि खाली असतं ते तेल. मेस्त्रीचा हात तेलाच्या पट्टीकडे गेला. पिवळी कडी त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होती. दाजींचा फोन संपला होता आणि ते बघत होते.

त्याने हात मागे घेतला.

"दाजी, तेल बघून घ्या एकदा."

"बघितलं." दाजी उठले आणि मेव्हण्याकडे बघून तिरकं, समजूतदार हसले. "तू चहाला गेलास तेव्हाच बघितलं. भरपूर आहे. तेलाची काळजी तू करूच नको आता."

हे हसू कशाबद्दल, ते मेस्त्रीला कळलं नाही. टोमणा असेल म्हणून त्याने सोडून दिलं. बदलून टाका, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण बघितलंय म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा सांगायचं म्हणजे भांडण उकरून काढायचं. इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि एकसारखं चाललं. ठोका गेला, धूर गेला. दाजींनी बॉनेटवर थाप मारली, माणसाच्या पाठीवर मारावी तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस्त्री एका कारचा ब्रेक खोलून बसला होता तेव्हा ताईचा फोन आला. पलीकडे इंजिन घुमत होतं.

"घाटात आहोत रे. सामान घेऊन निघालो. हे गाडी चालवतायत, म्हणून मीच फोन केला." ती हसत होती. "तुझे दाजी खूश आहेत तुझ्यावर. पण तोंडाने म्हणणार नाहीत."

"का, काय झालं?"

"अरे, तू गुपचूप तेल भरलंस ना? यांनी पट्टी बघितली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. आधी चिडले, मला न विचारता हात लावला म्हणून. मग म्हणाले, जाऊ दे, पोराने भांडण मिटवायला भरलं असेल."

मेस्त्रीच्या हातातला पाना तसाच राहिला.

"ताई, मी तेल भरलं नाही."

"मग कोणी भरलं?"

कोणीच भरलं नव्हतं. ते आपोआप वाढलं होतं. पातळ झालेलं, डिझेलने फुगलेलं तेल गरम होऊन आता उसळत असणार, आणि चढावर त्याची वाफ हवेच्या नळीतून परत इंजिनाच्या तोंडात जात असणार. डिझेलचं इंजिन किल्लीने बंद होतं ते त्याचं डिझेल तोडलं म्हणून. त्याला स्वतःचंच तेल खायची चटक लागली, तर किल्लीचं कोण ऐकतंय?

"दाजींना गाडी कशी चाललीय विचार."

ताईने विचारलं. दाजींचा आवाज लांबून, पण मोठा आला: "सांग त्याला, जान आणलीय त्याच्या इंजेक्टरने! सामान भरलंय, चढ आहे, तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी ओढतेय!"

मेस्त्रीने डोळे मिटले. फोनमागचा घुमारा त्याने आता नीट ऐकला. एक गोड, वर वर जाणारा सूर होता.

"ताई, फोन स्पीकरवर टाक. दाजी, ऐका. गाडी थांबवायचीय. पण नेहमीसारखी नाही. न्यूट्रल करू नका. वरच्या गिअरमध्येच ब्रेक दाबून धरा आणि बंद पाडा. झटका बसेल, बसू दे."

"बंद पाडू?" दाजी हसले. "शिकाऊ आहे काय मी? आयुष्यात माझ्या हातून गाडी बंद पडली नाही, आणि आता भर घाटात, बायको शेजारी बसवून?"

"दाजी, पाया पडतो."

"पुढे जागा आहे कठड्यापाशी. तिथे घेतो, बघू काय ते. उगाच बाईमाणसाला घाबरवू नको."

गाडी हळू होताना ऐकू आली. दाजींनी ती किती अलगद बाजूला घेतली असेल ते मेस्त्रीला दिसत होतं. मग हँडब्रेकची करकर. मग गिअर निघाल्याचा हलका खट्ट. ओझं सुटलं आणि सूर चढला.

"पाय काढलाय मी," दाजी म्हणाले. मग, जरा वेळाने, "किल्लीसुद्धा बंद केलीय."

इंजिनाला ते मान्य नव्हतं. सूर किंकाळीकडे निघाला होता. ताई काहीतरी म्हणाली, ते त्या आवाजात बुडालं. दार आपटल्याचा आवाज आला.

"ताई! कुठे गेले ते?"

"उतरले! बॉनेट उघडतायत! अरे, पांढरा धूर, समोरचं काहीच दिसत नाही!"

"त्यांना बाजूला व्हा म्हण!"

"ऐकू जातंय का त्यांना! वाकलेत ते त्यावर!"

इंजिन असं सुटलं की ते फुटेपर्यंत थांबत नाही, आणि फुटतं तेव्हा लोखंड बाहेर येतं. मेस्त्रीने एकदा असं फुटलेलं इंजिन बघितलं होतं. त्याच्या पोटाला मूठ जाईल एवढं भगदाड होतं. ताईला उतरून पळ म्हणणं सोपं होतं. पण दाजी हलणार नव्हते.

"ताई, ड्रायव्हरच्या जागेवर सरक."

"मला येत नाही रे!"

"नसू दे येत. सरकलीस? आता हॉर्न दाब. दाबूनच धर. ते समोरून बाजूला येईपर्यंत सोडू नको."

हॉर्न वाजला. त्या किंकाळीत तो अगदी केविलवाणा वाटला. वाजत राहिला. मग ताई ओरडली, "आले! दाराशी आलेत, शिव्या घालतायत!"

"घालू दे. समोर कोणी नाही ना? नक्की?"

"नाही!"

"डाव्या टोकाचं पायडल पूर्ण दाब. उजव्या पायाने मधलं, ब्रेक, दाब. आता गिअरचा दांडा. पाचचा आकडा दिसतो?"

"आकडे पुसून गेलेत! यांच्या हाताने पार गुळगुळीत झालाय!"

"आपल्या अंगाकडे ओढ, मग पुढे ढकल. गेला? ब्रेकवर उभी राहा, ताई. सगळं वजन टाक. आता डावा पाय एकदम उचल. हळू नाही. एकदम."

फोनमधून एक दणका आला, काहीतरी करकरलं, मागचं कपाट पत्र्यावर आपटलं. आणि मग काहीच नाही. गॅरेजमध्ये रस्त्यावरची एक सायकल जाताना ऐकू आली.

"ताई?"

त्याने फोन कानावर आणखी दाबला.

"ताई!"

"आहे," ती म्हणाली. दम लागला होता. "थांबलं. गाडी हातभर पुढे गेली आणि थांबली. हे बरे आहेत. हाताला भाजलंय, पण उभे आहेत."

मेस्त्री खाली बसला. तेवढ्यात फोनमधून दाजींचा आवाज आला, आणि तो ऐकून मेस्त्री पुन्हा उठला. दाजी ओरडत नव्हते. ते गोड बोलत होते. इतक्या वर्षांत बायकोशी ते असे कधी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"झालं ना थंड सगळं? सरक जरा. पोरगी वाट बघतेय. एकदाच लावून बघतो, नुसतं कळायला, काय झालं होतं ते."

"ताई, किल्ली काढ," मेस्त्री म्हणाला. "लावली की परत तेच होईल. दर वेळी बंद पडेलच असं नाही."

"काढलीय. उतरलेय मी. मुठीत आहे."

"देऊ नको."

"हात धरलाय त्यांनी माझा."

"अगं, गाडी माझी आहे," दाजी मऊ आवाजात म्हणत होते. "मला कळतं तिचं. दे. शहाणी ना तू?"

मेस्त्रीने एका हाताने मोटरसायकल स्टँडवरून काढली. फोन कानाला तसाच होता. पलीकडे बांगड्या वाजल्या, चपला खडीवर घसरल्या.

"अगं ए!" दाजी ओरडले.

"टाकली," ताई म्हणाली.

"काय टाकलं?"

"किल्ली. कठड्यावरून खाली, झाडीत." ती म्हणाली. "ये तू. सावकाश ये, पण ये. धूर अजून येतोय, आणि हे गाडीजवळून हलत नाहीत."