वीतभर रांकेट आणि ऑर्गनचा खर्ज

मित्रांनो, मला पाहून कुणालाही मिठाची बरणीच वाटेल, पण मी एक जुना रांकेट आहे, फुंकून वाजवायचं वाद्य. जर्मनीत, थुरिंगियातल्या एका कारागिराने नासपतीच्या ओंडक्यात नऊ बारीक नळ्या कोरल्या आणि वर-खाली एकमेकींना जोडून त्यांची एकच लांब नळी केली. म्हणून तर वीतभर देहातून एवढा खर्ज निघतो. लोक मला पाहून हसायचे आणि वाजायला लागलो की गप्प व्हायचे. मला त्याचा भारी तोरा होता.

माझा मालक योब्स्ट दर रविवारी चर्चच्या माडीवर, गायकांशेजारी मला वाजवायचा. म्हातारपणी त्याचे दात पडले, हिरड्या सुजू लागल्या. त्याच सुमारास गांगोल्फ नावाचा ऑर्गन बांधणारा गावात आला. त्याला ऑर्गनमध्ये माझ्या आवाजाच्या, माझ्याच नावाच्या नळ्या बसवायच्या होत्या. नमुन्यासाठी सूर ऐकवाल का, असं त्याने योब्स्टला विचारलं.

"ऐकवा की," योब्स्टची बायको वाल्पुर्ग फणकारली. "पाडून घ्या स्वतःच्या पायावर धोंडा. मग तुम्हाला कोण विचारतंय?"

"अगं, दात गेले. निदान सूर तरी मागे राहू दे."

दुखऱ्या तोंडाने तो एकेक सूर धरायचा. गांगोल्फ नळीतली पितळी पट्टी जराशी वाकवून पुन्हा ऐकायचा. पहिली नळी डबीत कोंडलेल्या माशीसारखी भुणभुणली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण योब्स्ट हटला नाही. सगळ्यात खालचा सूर जुळला, तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"पुन्हा तोंडाला लावलंत, तर याला चुलीत घालीन," वाल्पुर्गने बजावलं.

ईस्टरला नेहमीप्रमाणे बायका खाली आणि पुरुष माडीवर बसले. खालून माडीवरचं दिसत नाही. मला घरी ठेवणं जिवावर आलं म्हणून योब्स्टने मला अंगरख्यात घालून नेलं होतं. भजन सुरू झालं आणि माझा आवाज उठला, पण मी तर अंगरख्यातच होतो.

बाहेर येताच वाल्पुर्गने त्याला गाठलं. "एवढं सांगून वाजवलंतच ना?"

"मी नाही गं. तो ऑर्गन होता."

तिचा विश्वास बसेना. तिने मला बाहेर काढून माझ्या तोंडाशी बोट लावलं. तोंड कोरडं होतं, थुंकीचा ओलावाच नव्हता.

"अगदी तुमच्यासारखं वाजलं हो," ती म्हणाली आणि तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागली.

योब्स्टला जाऊन खूप काळ लोटला. तो ऑर्गन अजून वाजतो, मी कपाटात असतो. त्याला भात्याची हवा पुरते, मला मात्र माणसाचा श्वास लागतो. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गप्प बसलं असेल, तर ते नुसतं पुसून ठेवू नका. वाजवा.