करंगळीच्या नखाएवढी रिबीन

मित्रांनो, मी एक कात्री आहे. जुनी म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण बोथट म्हणाल तर खबरदार! आजही रिबिनीचे दहा पदर मी एका फटक्यात कापते, आणि काठाचा एक दोरा निघत नाही. तुमच्या दप्तरातल्या त्या गोल टोकांच्या प्लॅस्टिकच्या कात्र्या माझ्या नात्यातल्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

मी जन्मले कारखान्यात. लोखंड लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं, बुडवलं आणि दगडावर घासलं. दुखतंय का, असं कुणी विचारलं नाही. माझी दोन पाती एका स्क्रूने जोडली आणि मला पुठ्ठ्यावर बांधून विकायला ठेवलं. तिथून मला एका बाईने उचललं. भेटवस्तू कागदात बांधून देणाऱ्या एका दुकानात ती रिबिनीची फुलं करायची. बो म्हणा हवं तर; आमच्या दुकानात सगळे फूलच म्हणत.

तिच्या हातचं फूल म्हणजे काय सांगू! ती पंज्याभोवती रिबीन गुंडाळायची, वेटोळं काढून चपटं करायची आणि मधोमध दोन्ही काठांना माझ्याकडून खाच पाडून घ्यायची. त्या खाचेत बारीक रिबीन आवळून गाठ मारायची, आणि मग एकेक पाकळी पीळ देत बाहेर ओढायची. बघता बघता हातात गरगरीत फूल! सगळा जीव त्या खाचेत असतो. दोन खाचांच्या मध्ये करंगळीच्या नखाएवढी रिबीन राहिलीच पाहिजे. त्याहून आत कापलं तर फूल टेबलावर छान दिसतं, जास्तच फुलतं, पण कुणी जरा ओढलं की मधोमध फाटतं आणि पाकळ्या गळून पडतात.

त्या बाईला दोन मुली होत्या. थोरली आईच्या हाताखाली सगळं शिकली. धाकटी शिकायच्या आधीच आई गेली. जाताना मला उशाशी ठेवून म्हणाली, “ही दोघींची आहे गं.” थोरलीने मला त्याच दिवशी आपल्या पिशवीत टाकलं.

दुकानात पुढच्या काचेजवळ एक टेबल होतं. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची, अशी ती मानाची जागा. आईनंतर तिथे थोरली बसू लागली. मागच्या खोलीत खोक्यांना कागद चिकटवायला तिने धाकटीला आणलं. आणलं ते प्रेमानेच, हे मला सांगायलाच हवं. पण एक दिवस धाकटीने उरलेल्या तुकड्यांचं एक फूल केलं. खाच तेवढी थोरलीकडून पाडून घेतली, बाकी सगळं आपलं आपण. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते उचललं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं बाई, ही तर तुझ्या आईची बोटं! लग्नाचे तीस खोके आलेत, ते हिच्याकडून करून घे. चांगले झाले तर पुढच्या टेबलावर हिलाच बसवू. तू मागे कागदाचं बघ.”

थोरली हसली. पण माझ्या मुठीत तिचा अंगठा होता, आणि तो माझ्यावर कसा आवळला गेला ते मलाच ठाऊक. बारा वर्षं ती त्या काचेजवळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी मला घेऊन बसली. “ताई, खाच किती आत पाडू?”

“अजून थोडी आत,” थोरली म्हणाली. “अजून. बिनधास्त काप गं, आत कापलं की फूल जास्त फुलतं.”

ताई सांगते म्हणजे बरोबरच असणार. धाकटीने कापलं. मध्ये जेमतेम दोऱ्याएवढी रिबीन उरली, हे माझ्या पात्यांना कळत होतं. बोथट कात्री अडखळली असती, रिबीन चावत बसली असती. मी सरसर कापत गेले. खरं सांगू, मित्रांनो? मला मजा येत होती. तीस खोक्यांवर तीस फुलं झाली आणि मालकीणबाईंनी धाकटीची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं. त्याने पिशवी उलटी केली, आणि टेबलावर फाटक्या पाकळ्यांचा ढीग पडला. “पाहुण्यांसमोर शोभा झाली आमची,” तो ओरडला. मालकीणबाई धाकटीवर अशा बरसल्या की रस्त्यावरची माणसं काचेला नाक लावून बघत उभी राहिली. जमिनीवर पडलेला एकेक तुकडा त्यांनी तिला गुडघ्यांवर बसून वेचायला लावला.

“तूच शिकवलंस ना हिला?” त्यांनी थोरलीला विचारलं.

“शिकवलं हो. पण नीट ऐकायला नको?”

धाकटीने वर बघितलं. टेबलावर ताईने खाच पाडून ठेवलेल्या रिबिनीवर तिने करंगळीचं नख ठेवलं, मग हातातल्या तुकड्यावर, आणि तिला सगळं कळलं. “ताई, किती आत म्हणाली होतीस?”

“मी? मी तर जरासंच म्हणाले होते.”

धाकटी उठली, पर्स घेतली आणि गेली. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर माझे दिवस मजेत गेले. काचेबाहेरून लोक थोरलीची फुलं बघायचे, कधी कधी माझ्याकडेही बोट दाखवायचे. घरी थोरलीची लेक शेजारी बसून पाकळ्या ओढायला शिकली. तिच्याही बोटांत आजीच उतरली होती. पण तिने कात्री मागितली की थोरली झटकन म्हणायची, “खाच मी पाडते, तू पाकळ्या ओढ.” आणि मला लेकीच्या हातापासून लांब सरकवायची.

मग थोरलीचा अंगठा धरला. आधी सकाळी सकाळी, मग दिवसभर. शेवटी तो वळेचना. दुकानात पाठीला चिकटपट्टी लावलेली तयार फुलं पोत्याने येऊ लागली, आणि मालकीणबाईंनी तिला एका दुपारी निरोप दिला. मी घरातल्या खणात पडले, वाळक्या गोंदाच्या बाटलीशेजारी. माझ्याकडून दुधाच्या पिशव्या कापून घेतल्या! माझ्याकडून! त्यातच लेक काम करायची ते चपलांचं दुकान बंद पडलं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. जवळचं सगळं विचारून झालं, आणि मग थोरली लेकीला घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिली. मी पिशवीत होतेच.

धाकटीची आता एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मोठी खोली होती, रिबिनीची फुलं करणाऱ्या सहा बायका हाताखाली. “ये ताई, बस,” ती म्हणाली. चहा आला. तिने भाचीला जवळ घेतलं, तिची बोटं उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, “राहू दे हिला. माझ्याकडे नियम एकच. संध्याकाळी प्रत्येक फूल मी स्वतः ओढून बघते. जिचं सुटतं, तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगते. मग ती कुणी का असेना.”

“माझं नाही सुटणार, मावशी,” भाची म्हणाली.

धाकटीने मला पिशवीतून काढलं. “आईची ना गं ही?” एवढंच तिने विचारलं, माझ्या स्क्रूला तेल लावलं आणि मला भाचीच्या हातात दिलं. थोरली भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. लेकीचा पहिला दिवस म्हणून ती थांबली होती.

“मावशी, खाच मी कधी पाडली नाही. किती आत?”

“अजून थोडी आत,” धाकटी म्हणाली. ती भाचीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे खुर्चीकडे होते. “अजून. बिनधास्त काप गं, आत कापलं की फूल जास्त फुलतं.”

थोरलीचं तोंड उघडलं. तिने एक शब्द बोलायचा होता, फक्त ‘नको’. पण तो बोलली असती तर लेकीने विचारलं असतं, की आई, तुला कसं माहीत? तिने तोंड मिटलं. धाकटी वाट बघत होती. मीही बघत होते, मित्रांनो. मग भाचीने मूठ दाबली आणि मी कापलं. या वेळी मजा आली नाही. मी अडखळायचा खूप प्रयत्न केला, पण नुकतंच तेल घातलेलं होतं.

वीस फुलं झाली. प्रत्येक फुलाआधी धाकटी एकदा खुर्चीकडे बघायची. लेकीने एक फूल आईच्या हातात दिलं. “आई, बघ ना, कसं झालंय?” थोरलीने आखडलेल्या अंगठ्याने खाच चाचपली आणि म्हणाली, “छान झालंय गं.”

संध्याकाळी सहाही बायका उभ्या राहिल्या. धाकटीने पहिलं फूल ओढलं. पाकळ्या जमिनीवर पडल्या. दुसरं, तिसरं, विसावं.

भाची पांढरीफटक पडली. “मावशी, तूच तर म्हणालीस अजून आत!”

“मी? मी तर जरासंच म्हणाले होते,” धाकटी म्हणाली. “विचार तुझ्या आईला. ती इथेच होती.”

“आई, सांग ना गं! तू ऐकलंस ना?”

थोरलीने लेकीकडे बघितलं. मग तिने पिशवी उचलली.

“नीट ऐकायचं होतंस गं,” ती म्हणाली.

लेक गुडघ्यांवर बसून पाकळ्या वेचत होती. वेच म्हणून कुणाला सांगावंही लागलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काही मागायचं असतं. तेल घाला, धार लावा, गंजू देऊ नका, असं मीही मागितलं असतं. पण मी आता धाकटीच्या टेबलावर आहे. उद्या ती मला धार लावायला देणार आहे, आणि भाचीच्या जागेवर नवी मुलगी येणार आहे. तुमच्यापैकी कुणाला इथवर पोचता आलं, तर मला आधी एखाद्या दगडावर चांगली घासून बोथट करा.